पाण्याखाली दोन विहिणी

तीर्थरूप दादास,

तुझ्या भिंगरीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला अक्षरशः घे. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून हलत्या नावेत उभं राहायला गेलं की आठही अंगं आपोआप टेकतात. परवा मी अशी टेकले तेव्हा समोर जावई उभा होता. तो बिचारा इतका गडबडला की त्याने मलाच वाकून नमस्कार केला, आणि मग त्याच्याही पाठीवर सिलिंडर असल्यामुळे आम्हा दोघांना उठवायला नावाडी आला.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीने जिने चढणं कमी केलं का, की अजून गच्चीवर कुंड्या इकडच्या तिकडे करते आहे? तिला म्हणावं, कुंड्या पळून जात नाहीत. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं पत्रात लिहितात म्हणून लिहिते. 'सुखरूप' या शब्दात काय काय मावतं ते पुढे वाच.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर पहिल्याच वाक्याला तू 'मुद्द्यावर ये' म्हणतोस, आणि माझा मुद्दा वाटेत ठिकठिकाणी सांडलेला असतो, तो वेचत वेचतच यावं लागतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण. तरी हे लिहिताना मी किती वेळा उठले ते विचारू नकोस. मघाशीच एक ओळ लिहून खाली गेले, दुकानातले पाण्यात घालायचे सगळे चष्मे आकाराप्रमाणे लावून आले, आणि आता बसले तर आधी काय लिहिलं होतं तेच पुन्हा वाचावं लागलं.

तर लेकीकडे येऊन मला पंधरवडा झाला. तिचं आणि जावयाचं काम काय ते तुला ठाऊक आहे, पण तू ते कधी धड ऐकून घेतलं नाहीस म्हणून परत सांगते. पाठीवर हवेचं सिलिंडर लावून हे दोघं लोकांना समुद्राच्या तळाशी नेतात, प्रवाळ दाखवतात, बुडालेलं जहाज दाखवतात आणि जिवंत परत आणतात. लोक हे हौसेने करतात. खाली दुकान, मागे सिलिंडर भरायचं धडधडणारं यंत्र, दोरीवर ओळीने वाळत घातलेले काळे रबरी पोशाख (पहिल्या दिवशी अंधारून आल्यावर मला वाटलं, माणसंच टांगली आहेत), आणि वर राहायच्या दोन खोल्या. एकीत ती दोघं, दुसरीत मी आणि विहीणबाई. होय, जावयाच्या आईलाही लेकीने त्याच आठवड्यात बोलावलं आणि आम्हा दोघींना एका खोलीत ठेवलं. समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या माणसाला भीती अशी कशाची उरतच नाही, दुसरं काय.

विहीणबाई जन्मभर गुरांच्या डॉक्टर होत्या. गुरं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांनाही बोलायची फारशी सवय नाही. कुणी समोर आलं की आधी त्याचे डोळे बघतात, मग चाल बघतात, आणि मग मान हलवतात. त्या मान हलवण्यातून आपण धडधाकट निघालो की नाही ते कळत नाही. सकाळी चहाचा पेला घेऊन खिडकीशी बसल्या की तासभर समुद्राकडे बघत राहतात. नुसत्या बसून! मला तर बसलेल्या माणसाकडे बघूनही दम लागतो. मी शिवणवर्गातसुद्धा सगळा जन्म उभ्याने शिकवलं, खुर्ची फक्त कपडे ठेवायला. इथे आल्यापासून मी दुकानातल्या सगळ्या टॉवेलांना टीप मारली, पडदे खाली लोंबत होते ते उचलून घेतले, फाटक्या पोशाखांचे गुडघे शिवले, आणि जावयाने हात जोडून थांबवलं नसतं तर नावेचं छतही उसवून नीट केलं असतं.

पण हात चालू असले तरी माझं मन थाऱ्यावर नव्हतं, आणि त्याचं कारण लेक. दादा, जी पोरगी फोनवर 'आई, ठेवते, भरती लागली' असं म्हणून बोलणं तोडायची, ती पाण्यात पाऊल घालत नव्हती. सकाळ-दुपार जावईच लोकांना घेऊन जायचा. ही दुकानात बसून सिलिंडर भरायची, पोशाख धुवायची, धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायची आणि परत यायची. नवऱ्याशी बोलणं कामापुरतं. आणि माझ्याशी? तिच्या खुर्चीच्या डाव्या हाताला एक स्टूल आहे, त्यावर बसून मी तिला सगळ्या जगाच्या गोष्टी सांगायचे आणि ती समोर बघत नुसती हसायची. निम्म्या वेळा तर हसायचीही नाही. मी ताडलं की नवरा-बायकोत बिनसलं आहे. मुळाशी कोण हेही ताडलं. चार दिवस मी त्या स्टुलावर बसून विहीणबाईंबद्दल जे जे वाटलं ते मोकळेपणाने सांगितलं. त्या घोरतात. त्या माझा साबण वापरतात आणि ओला ठेवतात. त्या माझ्याकडे आजारी म्हशीकडे बघावं तसं बघतात. तुझ्या संसारात त्यांनीच काहीतरी कालवलं असणार, हेही सांगितलं. पोरीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मला वाटलं, काय हा संयम! हा आपल्या घराण्यातला नव्हे.

मग एका संध्याकाळी तीच म्हणाली, "आई, तू एकदा खाली जाऊन ये."

"खाली दुकानात?"

"समुद्रात. ते जहाज बघून ये. तुझ्या मशीनचं."

हे जहाज म्हणजे तिचं जुनं वेड. आपण जन्मायच्या आधी किनाऱ्याजवळच एक मालवाहू जहाज खडकावर आपटून बुडालं. माणसं सगळी वाचली म्हणे, माल तेवढा गेला, आणि त्या मालात शिलाई मशीन होती. पायाने चालवायची, चाकाची, अगदी माझ्या वर्गात होती तशी. लेकीने ती पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी मला फोन करून ती रडली होती, आणि मी तिला 'खाऊन घे' एवढंच म्हणाले होते, कारण समुद्राचा विषय निघाला की मला दुसरं काही सुचायचंच नाही. आता ती म्हणाली, "तू बघितल्याशिवाय मला चैन पडायची नाही." मी म्हणाले, मग तूच ने. "नाही, हा नेईल," एवढं बोलून ती उठली आणि धक्क्याकडे चालू लागली. मी पाठीमागून 'पण का?' असं विचारलं, तर मागे वळूनही बघितलं नाही. माझा संशय पक्का झाला.

आता पाण्याखालचा एक नियम असा की कुणी एकट्याने जायचं नाही. प्रत्येकाला जोडीदार लागतो, त्याला हे लोक 'बडी' म्हणतात. बडीने बडीवर नजर ठेवायची, आणि एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपल्यातली द्यायची. जावई दोघींना सांभाळणार, म्हणजे जोडी कुणाची ते तूच समज. सोयरीक मुलांची झाली आणि गाठ विहिणींची पडली. मी ह्यांना फोनवर हे सांगितलं. ह्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले: पाण्यात तोंड बंद ठेवावं लागतं हे खरं का, आणि खरं असेल तर तो कोर्स वाढवता येतो का.

गावातल्या डॉक्टरने दोघींना तपासून हरकत नाही म्हटलं (माझी नाडी जलद आहे म्हणाला; मी म्हटलं, नाडी कशाला, मीच जलद आहे) आणि धक्क्याजवळच्या कमरेइतक्या पाण्यात आमचा वर्ग सुरू झाला. लेक काठावरून शिकवायची. श्वास कधीही रोखायचा नाही. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात. कान दुखला की तिथेच थांबायचं, वर यायचं, जोर करायचा नाही. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. हे शेवटचं ती इतक्या कडक आवाजात म्हणाली की विहीणबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि जावई आपल्या पायांकडे बघू लागला. मला वाटलं, बघा, साध्या वाक्यालाही यांच्यात ठिणगी पडते.

त्यातून त्या पोशाखाचं दिव्य. तो ज्याने शिवला त्याला मी पहिल्याच आठवड्यात वर्गातून काढला असता. चेन पाठीला! म्हणजे दुसऱ्याच्या मदतीशिवाय माणूस आत जात नाही, आणि मदतीला विहीणबाई. त्यांनी जन्मभर वासरं ओढून बाहेर काढलेली, त्यामुळे मला आत ढकलताना त्यांना काही विशेष वाटलं नाही. "श्वास सोडा," म्हणाल्या. सोडला. "अजून." मी म्हणाले, "आता शिल्लक नाही," आणि तेवढ्यात त्यांनी सर्रकन चेन वर ओढली. मग चष्मा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकायचं असतं. मुलीच्या सासूसमोर कसं थुंकायचं या विचारात मी अवघडून उभी, तर विहीणबाई खाकरून मोकळ्या झाल्या. मला मात्र काही केल्या जमेना, तोंडाला कोरड पडली होती. तेव्हा जावयाने अदबीने माझा चष्मा मागून घेतला, त्यात स्वतः थुंकला, विसळला आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. दादा, जावयाकडून याहून जवळिकीची अपेक्षा कुठल्याही सासूने करू नये.

पाण्यात बोलता येत नाही, सगळं खुणांनी. अंगठा आणि तर्जनी जुळवली की 'ठीक आहे'. अंगठा वर केला की 'वर चला'. ही दुसरी खूण माझ्या डोक्यात शिरेना. पहिल्या दिवशी एक निळा-पिवळा मासा बघून मी खूश होऊन अंगठा दाखवला, तर जावई आम्हा दोघींना घेऊन वर. वर येऊन काय झालं विचारतो. काही नाही, मासा छान होता. परत खाली. एक चांदणीसारखं काहीतरी दिसलं, परत अंगठा, परत सगळे वर. तिसऱ्या वेळी विहीणबाईंनी पाण्यातच माझा अंगठा धरून मुडपला आणि बराच वेळ सोडला नाही.

पण जहाजाच्या दिवसाबद्दल मात्र मला चेष्टा करता येत नाही, थोडी सांभाळून घे. नाव नांगरली, लेक नावेतच थांबली. तिने माझे पट्टे ओढून बघितले, चष्म्याची कड नीट केली आणि म्हणाली, "घाई करू नकोस. बघ नुसती." मग आम्ही नावेच्या काठावर बसून पाठीमागच्या पाठीमागे पाण्यात पडलो. नांगराच्या दोरीला धरून, नाक फुंकत फुंकत, तीन मजली घराइतकं खाली. वाटेत प्रवाळ लागलं. तुला कसं सांगू? चुण्या, झालरी, गोंड्यांच्या कडा, एकात एक गुंतलेल्या, आणि कुठे टाका दिसत नाही. मी जन्मभर पोरींना चुण्या सारख्या घ्यायला शिकवलं, आणि इथे एकही सारखी नाही, तरी बघत राहावं. त्याच्या मागून जहाज आलं, एका कुशीवर झोपलेलं. पोटावरचं झाकण केव्हाच उडालेलं, त्यामुळे आत न शिरता वरूनच सगळं दिसत होतं. (आत शिरायला आम्हाला सक्त मनाई होती.) आणि तिथे, दादा, ओळीने मशीन. लाकूड कुजून गेलेलं, लोखंड उरलेलं. एकीच्या चाकावर प्रवाळाचा जांभळा पंखा उगवलेला. एकीच्या पायट्यावर खेकडा, जणू आता शिवायला बसणार. आणि एकीच्या मानेखाली, सुई असते ना तिथे, एक चिमुकला मासा डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होता.

मी 'अगं बाई!' म्हणाले. पाण्याखाली 'अगं बाई' म्हणायचं नसतं. तोंडातली नळी सुटली, खारं पाणी आत गेलं, मग शिकवल्याप्रमाणे ती शोधून परत तोंडात घातली आणि फुंकून पाणी काढलं. पण त्यानंतर मला एका जागी राहवेना. ही मशीन बघ, ती मशीन बघ, पलीकडच्या ओळीत काय आहे, त्याच्याही पलीकडे काय आहे. आमच्या वर्गातल्यासारखी उजव्या हाताच्या चाकाची किती आहेत ते मोजायला घेतलं, चुकले, परत पहिल्यापासून. जावई अधूनमधून हवेचा काटा बघायची खूण करायचा. विहीणबाई मात्र काटा न बघताच 'ठीक आहे' असं दाखवत होत्या. (वयस्क माणसांचं हे असंच. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत.)

आणि मग जे व्हायचं तेच झालं, विहीणबाईंची हवा संपत आली. त्यांनी माझ्याकडे बघून गळ्यावरून आडवा हात फिरवला. 'हवा नाही' याची ही खूण, पण आमचं नातं लक्षात घेता मी क्षणभर वेगळाच अर्थ लावला. दुसऱ्या क्षणी मी जराही न डगमगता माझ्या अंगावरची पिवळी जादा नळी काढून त्यांच्या तोंडात दिली. त्यांचे डोळे केवढाले झाले होते! त्यांनी माझ्या खांद्याचा पट्टा घट्ट धरला (म्हणजे मी त्यांचा), आणि बुजलेल्या जनावराला धरावं तसं एकमेकींना धरून, एकाच सिलिंडरमधली हवा ओढत, आम्ही सावकाश वर यायला लागलो. जावई शेजारी होताच. वर येताना मध्ये थोडा वेळ थांबावं लागतं, शरीराला सवय व्हावी म्हणून. तेवढा वेळ आम्ही दोघी समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, लोंबकळत होतो. बोलायला काही नाही, बघायला दुसरीकडे कुठे नाही. मुलांच्या लग्नापासून आजवर मी त्या बाईच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. घारे आहेत.

नावेत चढले तेव्हा माझ्या पोटात जहाजाहून जास्त माल साठला होता. लेकीच्या शेजारी धप्पकन बसले आणि सुरू झाले. जांभळा पंखा, खेकडा, सुईच्या जागचा मासा, सगळं. ती शिडीकडे बघत राहिली. माझा तोल गेला. मी म्हणाले, "खाली एवढं वैभव पडलंय, तुझ्या वेडापायी मी म्हातारी बुडी मारून आले, आणि तू पाहुण्यासारखी वर बसतेस? नवऱ्याशी भांडलीस म्हणून समुद्राशीही भांडायचं?" यावर तिने नवऱ्याला विचारलं, "सिलिंडर बांधलेत ना नीट?"

मी आणखी काही बोलणार तोच विहीणबाई उठल्या. ओल्या हातांनी त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, मला उभं केलं, लेकीच्या पलीकडच्या बाजूला नेलं आणि तिथे बसवलं. म्हणाल्या, "आता बोला. त्या कानाने तिला ऐकू येत नाही."

नाव हलत होती, यंत्र बंद होतं. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा लहानपणी काही फुटल्यावर व्हायचा तसा झाला. मग तिने सांगितलं. काही महिन्यांपूर्वी तिला सर्दी होती. लांबून मंडळी आली होती, ऐन हंगाम, नाही म्हणवेना. खाली जाताना डावा कान मोकळा होईना, तिने जोर केला, आत काहीतरी फट्कन झालं. वर आली तर समुद्र आणि आकाश गरगर फिरत होतं. गरगरणं काही दिवसांत थांबलं, कानातली शिट्टी थांबली नाही, आणि ऐकू येणं परत आलं नाही. डॉक्टरने बजावलं की पुन्हा कधीच खाली जायचं नाही. जो धडा ती हजार लोकांना शिकवते तोच तिने मोडला, आणि ते कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती.

"कुणाला म्हणजे मलासुद्धा?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तू मामाला सांगितलं असतंस. आणि मामा म्हणाला असता, बघ, मी म्हणालो होतो."

'छे, दादा असं म्हणायचा नाही,' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. पाण्याखालच्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग झाला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. माझ्या पोटच्या पोरीचं दुखणं मला विहिणीच्या तोंडून कळावं! परत आल्यावर मी खोलीत येरझाऱ्या घालत तसं बोललेसुद्धा. विहीणबाई पलंगावर बसून केस पुसत होत्या. म्हणाल्या, "माझा मुलगा घाबरला होता, म्हणून त्याने मला सांगितलं. तुमची मुलगी घाबरली होती, म्हणून तिने तुम्हाला सांगितलं नाही. मी येण्याआधीच तिला म्हणाले होते, आईला सांग. ती म्हणाली, आईने आधी खाली जाऊन बघू दे. नाहीतर आईला वाटेल, बरं झालं."

दादा, हे मला लागलं, कारण ते खरं आहे. ही पोर पाण्याबाहेर यावी म्हणून मी किती वर्षं देवाला वेठीला धरलं होतं. आता ती बाहेर आली आहे आणि मला बघवत नाही. ती सिलिंडर भरते, उठते, धक्क्यावर जाते, परत येते, टेबलावर बोटं वाजवते, परत उठते. असं कोण करतं ते मला चांगलं माहीत आहे. पण मी भिंगरी आहे ती हौसेने. तिला जिथे स्थिर वाटायचं ती एकच जागा होती, आणि ती जागा तीन मजले खाली आहे. नवरा-बायकोत भांडण नाहीच. तो बिचारा रोज तिच्यासमोरून पाण्यात जातो आणि रोज अपराध्यासारखा वर येतो. हे बुडीचं काम बंद करून दोघांनी दुसरं काहीतरी बघावं, असं त्याने परवा सुचवलं. ती उठून सिलिंडर भरायला गेली.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट बरी झाली. चार दिवस स्टुलावर बसून विहीणबाईंविरुद्ध मी जी काही गरळ ओकली ती सगळी त्या गेलेल्या कानात गेली. पोरीला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. मी आडून आडून विचारून खात्री करून घेतली. "मला वाटायचं, तू शिवणाचं काहीतरी सांगते आहेस," म्हणाली.

पत्र लांबलं. वहिनीला नमस्कार सांग आणि कुंड्यांचं तेवढं बघ. मी आणखी काही दिवस इथेच आहे. नावेचं छत खरोखरच उसवलं आहे.

तुझी,
भिंगरी

ता. क. – पाकीट बंद करता करता सुचलं म्हणून लिहिते. (सुचलं वगैरे काही नाही, एवढं पत्र याचसाठी लिहिलं.) इतका कानाचा विषय निघूनही मी तुझ्या पेशाचा एकदाही उल्लेख केला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. जन्मभर तू लोकांच्या कानात दिवा धरून बघितलंस. ही पोर तुझ्या हाताखाली तयार व्हायची होती, ती शिक्षण अर्धवट टाकून समुद्रात गेली, आणि 'एक दिवस हात हलवत परत येशील' एवढं बोलून तू तिच्याशी बोलणं टाकलंस. ते सगळं असू दे. तिला फोन कर. तपासण्यांचे कागद ती पाठवेल, पण मागितलेस तरच. तिचा ताठा कुणावर गेलाय ते मी सांगायला नको. कान बरा होणार असेल तर काय करायचं ते सांग, आणि होणार नसेल तर तसंही तिला स्पष्ट सांग. तुझ्या तोंडून आलं तर ती मानेल, आणि एकदाचं कळलं की पुढचं बघता येईल. फक्त 'मी म्हणालो होतो' हे म्हणू नकोस. अगदीच राहवलं नाही तर मला म्हण, मी दोन्ही कानांनी ऐकेन. आणि हे मी लिहिलंय असं तिला कळू देऊ नकोस.

दुसरा ता. क. – डॉक्टरसाहेबांस नमस्कार. मी आपल्या भाचीची सासू. आपल्या भगिनींनी पाकिटावर पत्ता घालायला मला दिलं, कारण त्यांचं अक्षर लागत नाही. आत पत्र उघडं होतं. वाचायला नको होतं, पण वाचलं. काही गोष्टी दुरुस्त करते. हवा माझी संपली नव्हती, त्यांची संपली होती. माझ्या सिलिंडरमध्ये निम्म्याहून जास्त शिल्लक होती, मी हललेच नव्हते. काटा न बघता 'ठीक आहे' त्या दाखवत होत्या. गळ्यावरून हात त्यांनीच फिरवला आणि मी त्याचा अर्थ पहिल्या फटक्यात बरोबर लावला. त्या घाबरल्या मात्र नव्हत्या. नळी तोंडात घेऊनसुद्धा राहिलेली मशीन मोजायला परत वळत होत्या, म्हणून पट्टा धरावा लागला. मी घोरत नाही. त्या झोपेत बोलतात. माणसाच्या कानावर मी मत देत नाही, पण एकाच डॉक्टरच्या शब्दावर मी आजवर कुठलं जनावरही सोडून दिलेलं नाही. आपण बघावं ही विनंती.

तिसरा ता. क. – विहीणबाईंनी लिहिलेलं वाचलं. घोरण्याचं सोडून बाकी खरं आहे. आता पत्र फाडून नवीन लिहायला बसवत नाही, तसंच पाठवते. उद्या सकाळी आम्ही दोघी परत खाली जाणार आहोत, राहिलेली ओळ बघायला. (ह्यांना बोलू नकोस. 'समुद्राचं नाव काढणार नाही' असं मी कालच त्यांना फोनवर सांगितलंय.) लेक रोज सकाळी दुकानात एकटीच असते, तेव्हाच फोन कर. ती अजून सवयीने फोन डाव्या कानाला लावते. तू हॅलो म्हणालास आणि पलीकडून काहीच आलं नाही, तर राग धरलाय असं समजून ठेवून देऊ नकोस. ती फोन या कानावरून त्या कानावर नेत असेल. तेवढं थांब.